प्राचीन समुद्री प्राण्यांच्या प्रतिकृती: पारख आणि जपणूक

प्राचीन समुद्री प्राण्यांच्या संग्राह्य प्रतिकृती म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात वावरणाऱ्या आणि आज नामशेष झालेल्या प्राण्यांची, जीवाश्मांच्या आधाराने घडवलेली खेळणी. बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंतची ही खेळणी बहुतेक वेळा मऊ पीव्हीसी प्लास्टिकची असतात. त्यांत इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर, प्लायोसॉर आणि मोसासॉर हे समुद्री सरीसृप येतात. डंक्लिऑस्टियससारखे चिलखती मासे येतात, मेगालोडॉनसारखे शार्क येतात, बॅसिलोसॉरससारखे आदिम देवमासे येतात. शिवाय ट्रायलोबाइट, अमोनाइट, अनोमॅलोकॅरिस असे पाठीचा कणा नसलेले जीवही असतात. दुकानात हे सगळे ‘डायनोसॉर’ या एकाच नावाने विकले जातात, पण यांतला एकही प्राणी डायनोसॉर नाही. डंक्लिऑस्टियस हा पहिल्या डायनोसॉरच्या बारा कोटींहून अधिक वर्षे आधी संपलेला मासा आहे, तर मेगालोडॉन शेवटच्या मोठ्या डायनोसॉरनंतर सुमारे चार कोटी वर्षांनी अवतरला. एकाच पाकिटात हे दोघे शेजारी बसलेले दिसतात, तेव्हा त्या पाकिटाच्या बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवण्याआधी थांबावे.

या संग्रहात नुकसान दोन ठिकाणी होते. एक विकत घेताना आणि दुसरे घरी ठेवल्यावर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या घरांत, दुकानांत आणि पार्सलांत जे प्रत्यक्ष पाहायला मिळाले, त्यावर पुढचे विवेचन आधारलेले आहे. दुसऱ्या प्रकारचे नुकसान जास्त होते आणि ते जास्त टाळता येण्यासारखे असते, हा त्या अनुभवाचा मुख्य भाग.

अशा प्रतिकृतींचा इतिहास खेळण्यांच्या कारखान्यात सुरू झालेला नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने नामशेष प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे केले. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर तिथे तळ्याच्या काठाशी होते आणि आजही आहेत. शास्त्रीय सल्ला रिचर्ड ओवेन यांचा होता. याच पुतळ्यांच्या, फुटाला इंच या प्रमाणात केलेल्या छोट्या प्रतिकृती पुढे शाळा-महाविद्यालयांना आणि संग्रहालयांना विकल्या गेल्या. १९७० च्या दशकात इन्व्हिक्टा या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी एकरंगी प्लास्टिकची मालिका काढली. तिच्यातले समुद्री सरीसृप आज जुन्या संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. अमेरिकेतल्या सफारी लिमिटेडची, पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या नावाने चालणारी मालिका २०१५ मध्ये बंद झाली. जर्मनीची श्लाइख, फ्रान्सची पापो, कलेक्टा, जपानची कायोडो आणि चीनची पीएनएसओ ही या बाजारातली आणखी काही ओळखीची नावे. एखादी मालिका बंद झाली की तिची किंमत चढते आणि नकलांचा धंदाही तेव्हाच तेजीत येतो, म्हणून हा इतिहास खरेदीदाराला ठाऊक असलेला बरा.

उल्हासनगर-बदलापूरचा हा पट्टा ज्या खडकावर वसला आहे त्यात असा एकही प्राणी सापडणार नाही. हा दख्खनचा काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर याच दगडात घडवलेले आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेला गाळ मुंबईत वरळीला उघडा पडला, तेव्हा त्यात बेडूक आणि कासव मिळाले, पण ते गोड्या पाण्यातले. त्या चिमुकल्या बेडकाला १८४७ मध्ये पहिले शास्त्रीय नाव देणारेही रिचर्ड ओवेनच. समुद्री सरीसृपासाठी महाराष्ट्राबाहेर कच्छकडे पाहावे लागते. तिथल्या लोडाई गावाजवळ मिळालेल्या, सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या ज्युरासिक काळातल्या इक्थिओसॉरचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद त्या संशोधनात अग्रभागी होते. आणि आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर ते देवघरातच आहे. गंडकी नदीतून येणारा शाळिग्राम म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वीच्या समुद्रातल्या अमोनाइटचा जीवाश्म. ज्या घरात शाळिग्राम पूजेला आहे त्या घरात एक प्राचीन समुद्री प्राणी पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. मुलांना हे सांगावेच. खेळण्यातल्या अमोनाइटचे वेटोळे आणि उभ्या कंगोऱ्यांची नक्षी खरी आहे की मनाने काढलेली, हे ताडून पाहायला त्याहून चांगला नमुना मिळणार नाही.

प्रतिकृतीची पारख रंगावरून किंवा चकाकीवरून करू नये, शरीररचनेवरून करावी. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. काही जागा पाहायच्या असतात.

इक्थिओसॉरमध्ये शेपूट पाहावी. तिचा पर माशासारखा उभा हवा, देवमाशासारखा आडवा नव्हे, आणि पाठीचा कणा त्या पराच्या खालच्या पाळीत वळलेला असतो. हा वाक एकोणिसाव्या शतकात मेल्यानंतर आलेला समजला जात असे. १८९० च्या दशकात जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या खाणींत त्वचेच्या ठशांसह सांगाडे मिळाले आणि उभा पर व पाठीवरचा त्रिकोणी पर दोन्ही स्पष्ट झाले. म्हणून पाठीवर पर नसलेली, पालीसारख्या सरळ शेपटीची प्रतिकृती क्रिस्टल पॅलेसच्या काळातल्या समजुतीवर बेतलेली असते. (फार आरंभीच्या, ट्रायासिक काळातल्या काही जातींना हा नियम तितका काटेकोर लागू होत नाही, पण तशा जाती खेळण्यांत क्वचितच येतात.) होल्झमाडेनच्याच स्टेनोप्टेरिजियस या एका इक्थिओसॉरच्या त्वचेचा २०१८ मध्ये अभ्यास झाला. त्यात कातडीखाली चरबीचा थर असल्याचे आणि पाठ गडद, पोट फिके असल्याचे पुरावे मिळाले. तेव्हा हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा इक्थिओसॉर कितीही देखणा असला तरी वर गडद, खाली फिका असा साधा नमुना अधिक विश्वासाचा.

मोसासॉरच्या बाबतीत पाठीवरची झालर ही हमखास खूण. १८९८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल विलिस्टन यांनी श्वासनलिकेच्या कूर्चांचे तुकडे पाठीवरच्या झालरीचे समजून तसे वर्णन केले. थोड्याच वर्षांत, १९०२ मध्ये, त्यांनी ते स्वतः मागे घेतले. पण चित्रकारांनी झालर उचलली होती आणि ती खेळण्यांत शंभर वर्षे टिकली. आजही स्वस्त सेटमधला मोसासॉर मानेपासून शेपटीपर्यंत दातेरी करवत वागवतो. दुसरी खूण शेपटीची. जॉर्डनमध्ये मिळालेल्या प्रोग्नॅथोडॉन या मोसासॉरच्या अवशेषांवर २०१३ मध्ये जे काम झाले त्यातून मोसासॉरला शार्कसारखा दुपाळी पर होता, आणि त्याची खालची पाळी मोठी होती, हे दिसून आले. त्याआधी बनलेल्या प्रतिकृतीत मगरीसारखी निमुळती शेपूट असेल तर ती त्या काळाची मर्यादा मानावी. त्यानंतर घडवलेल्या नव्या साच्यात तशीच शेपूट असेल तर घडवणाऱ्याने अभ्यास केलेला नाही असे समजावे. मोसासॉर घोरपडी आणि सापांचा नातलग, म्हणून दुभंगलेली जीभ चालेल. चार वल्ह्यांच्या टोकाला पंजे आणि नख्या मात्र चालणार नाहीत.

प्लेसिओसॉरच्या मानेने शिल्पकारांना सर्वांत जास्त फसवले आहे. इलॅस्मोसॉरसच्या मानेत ७२ मणके होते. १८६० च्या दशकाच्या अखेरीस एडवर्ड कोप यांनी त्याचे डोकेच शेपटीच्या टोकाला बसवले होते आणि जोसेफ लायडी यांनी ते निदर्शनास आणले. डोके योग्य टोकाला आले, तरी मान हंसासारखी पाण्यावर उंच उभारलेली दाखवण्याची सवय गेली नाही. एवढी लांब, जड मान उभी धरण्याइतकी ताकद आणि लवचीकता त्या सांगाड्यात नव्हती. ती पुढच्या दिशेला बऱ्यापैकी सरळ राहत असावी. मान इंग्रजी ‘एस’च्या आकारात वळवलेली प्रतिकृती मांडायला सोपी पडते, कमी जागा घेते, म्हणून कारखान्यांना सोयीची असते. संग्राहकाने सरळ मान निवडावी. पुढे येणाऱ्या वाकण्याच्या प्रश्नामुळे तिला आधाराचा काटा लागेल, हे आधीच हिशेबात धरावे.

माशांकडे वळताना दोन उदाहरणे पुरेशी आहेत. हेलिकोप्रिऑनचा दातांचा चक्राकार गुंडाळा १८९९ मध्ये कार्पिन्स्की यांनी वर्णन केला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तो कुठे बसवायचा यावर तर्क चालले: नाकावर, पाठीवर, शेपटीवर, खालच्या जबड्याच्या टोकाला सोंडेसारखा. २०१३ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या एका नमुन्याच्या सीटी स्कॅनने तो खालच्या जबड्याच्या आत, मधोमध बसत असल्याचे दाखवले. तोंड मिटल्यावर बाहेर लोंबणारे चक्र दिसत असेल तर ती प्रतिकृती जुन्या तर्कांची. डंक्लिऑस्टियसला दात नव्हते. जबड्याच्या हाडाचीच धारदार पाती होती. दुकानातल्या बऱ्याच प्रतिकृतींत तिथे शार्कसारखे सुटे दात दिसतात. मेगालोडॉनचे तर बहुतेक करून दात आणि थोडे मणकेच मिळालेले आहेत. त्याचे शरीर आजच्या पांढऱ्या शार्कसारखे जाडजूड की अधिक सडपातळ, यावर अलीकडच्या अभ्यासांत मते बदलत आहेत. म्हणून मेगालोडॉनच्या कोणत्याही प्रतिकृतीला ‘हीच खरी’ म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अपृष्ठवंशी जीव किमतीने स्वस्त आणि पारखायला सोपे. ट्रायलोबाइटचे शरीर लांबीच्या दिशेने तीन पट्ट्यांत विभागलेले असते. पाठ उलटी करून पाहिली तर चांगल्या प्रतिकृतीत पाय असतात, वाईटमध्ये सपाट प्लास्टिक. अमोनाइट हा नॉटिलसपेक्षा माखली आणि अष्टपाद यांच्या जवळचा. नॉटिलससारखी कातडी टोपी आणि डझनावारी तंतू लावलेला अमोनाइट म्हणजे शिल्पकाराने नॉटिलसला नक्षीदार शंख घातलेला असतो. अनोमॅलोकॅरिसचे तुकडे कितीतरी वर्षे वेगवेगळे प्राणी समजले जात होते: पुढचे काटेरी अवयव कोळंबीसारख्या जिवाचे, गोल तोंड जेलीफिशचे. १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी तो एकच प्राणी असल्याचे मांडले. शाळकरी मुलाच्या हातात द्यायला याहून चांगली वस्तू कमी सापडतील. विज्ञान कसे चुकते आणि कसे सुधारते हे त्या एका खेळण्यावर बोट ठेवून दाखवता येते.

खोक्यावर छापलेल्या प्रमाणाकडे संशयानेच पाहावे. १:४० म्हणजे प्रतिकृतीचा एक सेंटिमीटर हा खऱ्या प्राण्याचा चाळीस सेंटिमीटर. हा गुणाकार दुकानातच करावा. १९९९ मध्ये बीबीसीच्या ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ या मालिकेने लिओप्लुरोडॉन हा प्लायोसॉर २५ मीटर लांब दाखवला. प्रत्यक्षात तो पाच ते सात मीटरच्या घरातला. १:४० ने तो साडेबारा ते साडेसतरा सेंटिमीटरचा व्हायला हवा. त्या मालिकेच्या मापाने तोच साठ सेंटिमीटरच्या वर जातो. २०१५ च्या ‘जुरासिक वर्ल्ड’ चित्रपटातला मोसासॉरही असाच वाढवलेला आहे. कधी शास्त्रज्ञांचाच अंदाज बदलतो. डंक्लिऑस्टियसची लांबी पूर्वी आठ मीटर आणि त्याहूनही जास्त धरली जाई. २०२३ मध्ये रसेल एंगलमन यांनी डोक्याच्या मापांवरून ती साडेतीन ते चार मीटरच्या आसपास आणली आणि मासा आखूड व जाडजूड असल्याचे सुचवले. १:४० छापलेली २० सेंटिमीटरची जुनी प्रतिकृती आता जवळपास १:२० ठरते. यात विक्रेत्याची फसवणूक नाही. पण मांडणीत प्रमाण सांभाळणाऱ्याने खोक्यावरचा आकडा न धरता आजच्या अंदाजावरून स्वतः काढलेला आकडा धरावा.

या पट्ट्यात प्रतिकृती तीन वाटांनी येतात. उल्हासनगरच्या कॅम्पांतली आणि अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशनांजवळची दुकाने बहुधा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट परिसरातल्या घाऊक मालावर चालतात. तिथे पारदर्शक पाकिटातले बेनामी सेट मिळतात. मॉलमधल्या मोठ्या दुकानांत परदेशी कंपन्यांच्या मोजक्या, लोकप्रिय प्रतिकृती असतात आणि त्यांत समुद्री प्राणी फार थोडे. उरलेले सारे ऑनलाइन आणि ओळखीपाळखीतून. लोकलमधून खास मुंबईला जाऊन बेनामी सेट आणण्यात काही मिळत नाही. तो माल उल्हासनगरात जवळपास त्याच दर्जाचा असतो. मुलाला खेळायला द्यायचा असेल तर तो घ्यावा, संग्रह म्हणून घेऊ नये.

नक्कल ओळखण्याची जागा पोटाखाली असते. बहुतेक नामवंत कंपन्या पोटावर, शेपटीखाली किंवा वल्ह्याच्या आतल्या बाजूला कंपनीचे नाव, साच्याचे वर्ष आणि बहुधा प्राण्याचे नाव कोरतात. ती अक्षरे खोदलेली किंवा उठावाची, स्पष्ट असतात. मूळ प्रतिकृतीवरून साचा घेऊन केलेल्या नकलेत ती अक्षरे पुसट होतात किंवा खरवडून काढलेली असतात. आकारही किंचित लहान भरतो, कारण ओतलेले प्लास्टिक निवताना आकसते. कातडीचे बारीक खवले बुजतात, साच्याची जोडरेषा अंगभर बोटाला लागते, डोळ्याचा ठिपका खोबणीबाहेर सरकतो. वासही उग्र येतो. विक्रीच्या जाहिरातीत कंपनीने काढलेला फोटो असेल तर तो पुरावा मानू नये. त्याच वस्तूचा, पोटाखालच्या अक्षरांसह, त्या दिवशी काढलेला फोटो मागावा. खरा विक्रेता तो देतो. टाळाटाळ झाली की तिथेच थांबावे. ‘बंद झालेला मॉडेल, शेवटचा एकच पीस’ असे सांगून पूर्ण पैसे यूपीआयने आगाऊ मागितले जातात, मग पार्सल येतच नाही किंवा नक्कल येते, हा प्रकार इतका सरसकट झाला आहे की अनोळखी माणसाला आगाऊ पूर्ण रक्कम देऊच नये. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्यावा आणि त्यात लेबल आधी दिसू द्यावे. नोंदणीकृत संकेतस्थळावरून खरेदी झाली असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. खासगी देवाणघेवाणीत हा आधार फारच लुळा पडतो.

परदेशी प्रतिकृती महाग का, याचे कारण दुकानदाराच्या नफ्यापुरते नाही. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आयएस ९८७३ या मानकमालेत टोकदार कडा, सुटणारे बारीक भाग, रंगांतले घातक धातू आणि प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने यांच्या चाचण्या येतात. या व्यवस्थेमुळे संग्राहकाला हव्या त्या वस्तू दुर्मीळ झाल्या हे खरे, पण मुलांच्या दृष्टीने ती योग्यच आहे. बेनामी मऊ प्लास्टिक मुले चावतात, प्लेसिओसॉरचे डोके आणि अमोनाइटचे तंतू तोंडात मावतात. लहान मूल असलेल्या घरात चिन्ह नसलेली प्रतिकृती खालच्या फळीवर ठेवू नये. जुन्या, रंग उडालेल्या प्रतिकृती तर मुलांच्या हाती देऊच नयेत. जुन्या रंगांत शिसे असू शकते.

आता घरात ठेवण्याचा प्रश्न. पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात तेलासारखी रसायने मिसळून ते मऊ करतात. उष्णतेने, दाबाने आणि काळाने ही रसायने पृष्ठभागावर झिरपतात, मग प्रतिकृती चिकट होते, तिच्यावर धूळ बसते आणि पुसली तरी निघत नाही. उन्हाळ्यात बदलापूर-अंबरनाथचा पारा चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्यावरच्या, गच्चीखालच्या खोलीत किंवा पत्र्याच्या घरात कपाटातली हवा त्याहून तापते. समुद्री प्राणी इथे डायनोसॉरपेक्षा जास्त भोगतात. चार जाड पायांवर उभा राहणारा प्राणी भार वाटून घेतो. मोसासॉर पोटावर किंवा दोन वल्ह्यांच्या टोकांवर तोललेला असतो, प्लेसिओसॉरची मान अधांतरी असते. एप्रिल-मेमध्ये वल्ही दुमडतात आणि मान खाली झुकते. पश्चिमेची भिंत, खिडकीची कड, टीव्हीची किंवा राउटरची पाठ, दिव्याखालची काचेची पेटी या जागा वर्ज्य कराव्यात. उन्हाने रंग उडतो आणि पांढरे पोट पिवळे पडते, ते परत येत नाही.

वाकलेली मान मात्र सरळ होते. भांड्यात कढत पाणी घ्यावे, उकळते नव्हे. वाकलेला भाग त्यात मिनिटभर धरावा, मऊ पडला की हलक्या हाताने हवा तसा करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवून ठेवावा. एकदाच जोर लावण्यापेक्षा हे दोन-तीनदा करणे बरे. काम मोठ्या माणसानेच करावे. पोकळ प्रतिकृतीच्या तोंडात किंवा पोटाखाली बारीक भोक असते. तिथून पाणी आत गेले तर आतून काळी बुरशी धरते आणि ती काढता येत नाही. अशी भोके आधी मेणाने बंद करावीत. सरळ झालेल्या मानेखाली पारदर्शक कडक प्लास्टिकचा छोटा काटा कायमचा ठेवावा.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, हवा इतकी ओली असते की बंद लाकडी कपाटात रंगाच्या खाचांतून पांढरी बुरशी उगवते. ती धुवायला साध्या साबणाचे कोमट पाणी आणि मऊ दातांचा जुना ब्रश पुरतो. नंतर सावलीत पूर्ण वाळवावे. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य यांचा थेंबही लावू नये, रंगाबरोबर कातडीही सुटते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ओल धरली की त्या सुकवून पुन्हा वापराव्यात.

डांबरगोळ्यांविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण मराठी घरांत कपाट म्हटले की डांबरगोळी आलीच. नॅप्थलीनची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते आणि रंगाला चिकटपणा आणते. साड्यांच्या कपाटातल्या वरच्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या सोबत, पिशवीत बांधून ठेवलेल्या प्रतिकृती वर्षभराने एकमेकींना चिकटून निघतात, एकीचा रंग दुसरीच्या अंगावर. थर्माकोलचेही तसेच. थर्माकोलच्या खोबणीत महिनोन्‌महिने ठेवलेले मऊ पीव्हीसी त्या थर्माकोलला विरघळवते आणि त्यात रुतते, कारण पीव्हीसीतून झिरपणारे रसायन पॉलिस्टायरीनला खाते. वर्तमानपत्रात गुंडाळले तर शाई अंगावर उमटते आणि जाता जात नाही. रबरबँड तुटून चिकटतो. तेलरंग दिलेल्या फळीवर प्रतिकृती घट्ट बसतात आणि उचलताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतात. धुतलेले पांढरे सुती कापड किंवा साधा कोरा कागद हा गुंडाळायला सर्वांत निर्धोक, आणि फळी काचेची. प्रतिकृती एकमेकींना टेकू देऊ नयेत. एवढ्या एका काळजीने निम्मे नुकसान वाचते.

उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांनी पाण्याची उंची ध्यानात ठेवून कपाट लावावे. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकून हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले त्या दिवशी, या खोऱ्यात पाणी किती झपाट्याने चढते हे सगळ्यांनी पाहिले आहे. तळमजल्यावर संग्रह असेल तर कमीत कमी मूळ खोकी आणि नोंदवही माळ्यावर असावीत. प्लास्टिक पुराच्या पाण्यातूनही धुऊन निघते; खोके लगदा होते आणि त्याबरोबर पुनर्विक्रीचे निम्मे मोलही जाते. पुरात भिजलेल्या प्रतिकृती जंतुनाशकाच्या पातळ द्रावणाने धुतल्याशिवाय मुलांना देऊ नयेत.

प्रतिकृतींचा नाद लागला की पुढची पायरी बहुधा खऱ्या जीवाश्मांची असते आणि तिथला धोका मोठा. मोरोक्कोतून जगभर विकले जाणारे मोसासॉरचे दात पुष्कळदा खरे असतात, पण ते ज्या ‘जबड्यात’ बसवलेले दिसतात तो वाळू आणि सरसाचा असतो. ट्रायलोबाइट अनेकदा अर्धे खरे, अर्धे राळेचे असतात. प्रतिकृती स्वतःला प्रतिकृती म्हणवते. जोडतोड केलेला जीवाश्म ते लपवतो. भूशास्त्राच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय असा जीवाश्म घेऊ नये, आणि मुलांच्या संग्रहासाठी तर त्याची गरजच नाही.

नोंदवहीत प्रत्येक प्रतिकृतीसाठी कंपनी, साच्याचे वर्ष, प्राण्याचे नाव, काळ, जीवाश्म कुठे मिळाला ते ठिकाण, स्वतः काढलेले प्रमाण, कुठून आणि किती रुपयांना घेतली, आणि कोणती दुरुस्ती केली, हे लिहावे. बाजूला एक रकाना शरीररचनेतल्या चुकांचा ठेवावा: झालर, शेपटी, मान, दात. तो रकाना भरत गेला की संग्रह वस्तूंच्या ढिगापासून वेगळा होतो आणि मुलांना त्यातून शिकवता येते. काचेच्या फळ्यांवर मांडणी काळाच्या क्रमाने करावी. सर्वांत खाली अनोमॅलोकॅरिस आणि ट्रायलोबाइट, वर डंक्लिऑस्टियस, मग हेलिकोप्रिऑन, मग इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर, मोसासॉर, सर्वांत वर बॅसिलोसॉरस आणि मेगालोडॉन. तीच मांडणी खडकांच्या थरांची आहे.

नको झालेल्या पण धड असलेल्या प्रतिकृती नोंदींसह जवळच्या शाळेच्या विज्ञान कक्षाला द्याव्यात. तिथे चुकीच्या शेपटीचा मोसासॉरसुद्धा बरोबर शेपटीच्या मोसासॉरशेजारी उपयोगी पडतो. पार चिकट झालेले, तडकलेले पीव्हीसी सुक्या कचऱ्यात वेगळे बांधून द्यावे. ते जाळू नये; जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात.